एकशेवीस शब्दांत आपुलकी

गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५. सकाळी नळाला पाणी कमी. डाव्या डोळ्यात थेंब घातले. दुपारी चारला समोरची पद्मजा रडत आली. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पालकांना निरोप पाठवायचा होता. निरोपाबरोबर, तो लिहून देणाऱ्या एआय मशीनला दिलेली सूचनाही गेली. मी दोन्ही वाचलं. तिला चहा दिला. बिस्किट दिलं नाही.

पद्मजा आमच्याच मजल्यावर राहते. परळमधल्या एका मराठी शाळेत बावीस वर्षं शिकवते, सध्या पाचवीला. सुरुवातीला ती लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर तक्ते काढायची. एखादं मूल दोन दिवस आलं नाही तर शाळा सुटल्यावर लालबागला त्याच्या चाळीत जाऊन विचारपूस करायची, आणि तिथून कोणाच्या तरी घरची सोलकढी पिऊन यायची. तिच्या अक्षराबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं, पण अक्षर तिचं होतं.

दोन वर्षांपूर्वी दादरच्या एका सभागृहात शिक्षकांचं दिवसभराचं प्रशिक्षण झालं. टाय लावलेल्या एका तरुणाने सांगितलं की एआयला नीट सूचना लिहिली, त्याला ते प्रॉम्प्ट म्हणतात, की टाचण, प्रश्नपत्रिका, पालकांना निरोप, सगळं मिनिटात तयार. आधी त्याला सांगायचं तू कोण आहेस, मग ऐकणारे कोण आहेत, मग काय हवं, मग किती शब्दांत. पद्मजाने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. त्या वहीत त्यानंतर एकही ओळ लिहिली गेली नाही.

उद्या काय शिकवायचं आणि कसं, हे शिक्षक आदल्या दिवशी लिहून ठेवतात ते टाचण. तिचं नवं टाचण तिने मला कौतुकाने दाखवलं होतं. ‘विद्यार्थ्यांना शाळेच्या परसबागेत नेऊन पानांच्या आकारांचे निरीक्षण करून घेणे.’ शाळा एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. जिन्यात एक तुळस आहे, तीही शिपायाची. पर्यवेक्षिकेने खाली ‘छान’ लिहून सही केली होती. मशीनला निदान शाळा माहीत नव्हती. या दोघी रोज तिथे चार जिने चढतात.

आता गुरुवारचा प्रकार. सूचना मी तिच्या फोनवरून उतरवून घेतली, ती अशी: ‘तू एक अनुभवी आणि प्रेमळ वर्गशिक्षिका आहेस. माझ्या वर्गातले पालक कमी शिकलेले आहेत. मुलांकडे लक्ष देत नाहीत. आया दिवसभर सिरियल बघतात. त्यांना आपुलकी वाटेल असा सभेचा निरोप लिही. संघमित्राची आजी प्रत्येक सभेत प्रश्न विचारून वेळ खाते. ती आली नाही तरी चालेल असं गोड शब्दांत सुचव. एकशेवीस शब्द. शेवटी हात जोडलेले दाखव.’ त्याखाली निरोप: ‘प्रिय पालकहो, आपण आमच्या शाळेचा कणा आहात.’

सात मिनिटांनी तिने ते पुसलं. सात मिनिटांत चाळीच्या चाळी वाचून होतात. फोटो काढून झाले होते.

तिची तुकडी विनाअनुदानित. पटावर चौतीस मुलं. पट तीसच्या खाली गेला की संस्था तुकडी बंद करणार आणि तुकडी बंद झाली की पद्मजा घरी, हे तिला जूनमध्येच लेखी मिळालं होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत मुख्याध्यापिकेच्या टेबलावर शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी सात अर्ज होते. शनिवारी सभा.

शुक्रवारी संध्याकाळी ती पुन्हा आली. “काकू, तुम्ही कॉन्व्हेंटमधल्या. तुमचं लिहिणं कसं एकदम नीट असतं. मला माफीची चार वाक्यं लिहून द्या ना.”

“मी लिहिलेलं तू वाचणार, तर त्यात आणि कालच्या निरोपात फरक काय?”

“फरक काय म्हणजे? तुम्ही माणूस आहात.”

“पण मी तू नाही. आम्हाला सिस्टर सांगायच्या, ज्याला लिहायचं त्याचा चेहरा आधी आठवा, मग दौत उघडा. बस खाली आणि आठव.”

ती बसली. पाच मिनिटं भिंतीकडे बघून म्हणाली, “काकू, सुचतच नाही हो काही. सवय गेली.” आणि उठून गेली. बावीस वर्षं निबंध घालणारी बाई.

शनिवारी तिच्या आग्रहावरून मी सोबत गेले. वडीलधारं कोणी बरोबर असलं की लोक कमी बोलतात असा तिचा हिशेब. लोक मुळीच कमी बोलले नाहीत. मुलांच्या बाकांवर तीसेक पालक अवघडून बसले होते. पहिल्या रांगेत संघमित्राची आजी, कमलाबाई. वय सत्तरीचं, पूर्वी गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला, होत्या. दर रविवारी विहारात ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवतात, चष्मा न लावता. ‘कमी शिकलेले पालक’ ते हे.

पद्मजाने पर्समधून फोन काढला आणि वाचायला लागली, “आदरणीय पालकहो, अनवधानाने आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी अंतःकरणपूर्वक...”

“थांबा बाई,” कमलाबाई म्हणाल्या. “हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“खरं बोला. पोरं बसतात या खोलीत.”

पद्मजा खाली बघत म्हणाली, “थोडी मदत घेतली.”

मागून दौलत नावाचा एक बाप उठला. टेम्पो चालवतो, मूळचा मालवणकडचा. “म्हणजे माफी पण त्याचीच? मग त्याकाच बोलवा ना सभेक! आणि बाई, माझी बायको कुठली सिरियल बघते तेवढं सांगा. चार घरचं जेवण बनवून रात्री घरी येते, तिला पण कळू दे ना आपण काय बघतो ते.”

वर्ग हसला. बायका जास्त हसल्या.

कमलाबाई हसल्या नाहीत. “फोन पर्समध्ये ठेवा. माझी नात कुठल्या बाकावर बसते?”

“तिसऱ्या,” पद्मजा लगेच म्हणाली. एवढं तरी आलं याचा तिला आनंद झालेला दिसला.

“जूनमध्ये पण तिसऱ्याच. तीन सभांना मी हेच सांगते, तिला फळा दिसत नाही, चष्मा व्हायचाय, तोवर पुढे बसवा. ती शेजारणीच्या वहीतनं उतरवते. माझा प्रश्न तेवढा एकच आहे, बाई. त्याने तुमचा वेळ गेला?”

पद्मजा रडू लागली. इतर वेळी रडणाऱ्या बाईभोवती चार बायका जमतात. एकही उठली नाही. मीही नाही.

मग कमलाबाई मागे वळून पालकांना म्हणाल्या, “अर्ज मागे घ्या.”

“मावशी, असं कसं?” दौलत म्हणाला.

“बाईंसाठी नाही सांगत. या गेल्या तर यांच्या जागी दुसरं कोणी येणार नाही, तुकडीच जाणार. मग पोरांना भायखळ्याच्या शाळेत धाडणार की फी भरून इंग्रजीत घालणार? बाई अशी, तरी वर्ग आहे. सोमवारपासून संघमित्रा पहिल्या बाकावर. आणि जे काय सांगायचं ते पोरांच्या वहीत, स्वतःच्या हाताने. चार शब्द चुकले तरी चालतील आम्हाला, कमी शिकलेले आहोत.”

सातपैकी पाच अर्ज परत घेतले गेले. बत्तीस राहिले. पद्मजाची नोकरी वाचली, आणि ती कोणाला तिच्याबद्दल माया वाटली म्हणून नव्हे. तिच्या जागी मला त्या पाच कागदांपेक्षा कमलाबाईंनी फिरवलेली ती पाठ जास्त मनाला लागली असती. पद्मजाला कागदच दिसले. जिना उतरताना ती मला म्हणाली, “वाचले हो काकू!” आवाज पास झालेल्या पोरीचा.

संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात पद्मजा, हातात फोन.

“कमलाआजींना आभाराचा निरोप करून घेतलाय. एकदा बघता? या वेळी नुसता निरोपच घेतलाय, वरचं काही नाही आलेलं. दोनदा तपासलं.”

मी वाचलं. ‘आपले मार्गदर्शन माझ्यासाठी दीपस्तंभासारखे आहे.’

“वहीत, स्वतःच्या हाताने, असं ठरलं ना?”

“ते सोमवारपासून, काकू.”

“आणि संघमित्राला पुढे आणायचं तर पहिल्या बाकावरून कोणाला उठवणार?”

“त्याचं पण झालंय,” ती उजळून म्हणाली. “एआयलाच सांगितलंय. अख्ख्या वर्गाची बसायची व्यवस्था करून देतो. फक्त मुलांची उंची मागतोय. ती तेवढी कळली पाहिजे कुठूनतरी.”

मी फोन तिच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर. पाच अर्ज परत. पद्मजा राहिली. कुकरची रिंग सैल झाली आहे, नवी आणायची.