ब्रेकच्या नळीचा ढिला नट

कोल्हारच्या अलीकडे चिंचेच्या झाडात घुसलेली ती निळी फियाट आठवली की अजूनही मी सुन्न होतो. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती आणि मी त्या भागात फौजदार होतो.

गाडीत मेलेला पोरगा एका बागायतदाराचा एकुलता एक मुलगा. त्याला शर्यतीचं वेड. बंद पडलेल्या एका धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. तिथे उतरायचं म्हणून त्याने नगरच्या एका मिस्त्रीकडून गाडी पार बदलून घेतली होती. मागची सीट काढली, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली आणि धरणाच्या कामावरच्या भंगारात निघालेला टर्बो इंजिनाला जोडला. इंजिनाच्या धुरावर फिरणारा तो पंखा आत जादा हवा कोंबायचा आणि गाडी सुसाट सुटायची. सकाळी मोकळ्या रस्त्यावर पोरगा तिची चाचणी घ्यायचा. तशाच एका सकाळी गाडी वळणावर थांबलीच नाही.

बापाने ठाण्यात येऊन फिर्याद दिली. "सायेब, मिस्त्रीनंच मारलं माझ्या पोराला. त्याला सोडू नका."

मोटार निरीक्षकाने गाडी तपासली. पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळीचा नट ढिला होता. तेल गळून गेलं आणि चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यातच खबऱ्याने सांगितलं, मिस्त्री आणि पोरगा नुकतेच कडाक्याचे भांडले होते. मी मिस्त्रीला उचलून आणला.

"भांडलो, व्हय," तो म्हणाला. "विंजनाचा जोर वाढलाय, ब्रेक तेच जुने हायेत, आधी ते बदल, म्हनलं. त्यो ऐकंना."

"म्हणून नट ढिला केलास?"

"न्हाई सायेब. पोरांची शपथ."

अशा शपथा रोज ऐकायची सवय होती. पण जप्त केलेला नट मी पुन्हा निरखला, तेव्हा त्याचे कोपरे दातांनी कुरतडल्यासारखे दिसले. विहिरीवरच्या पाइपांना लागतो तो दातेरी पाइप पाना ज्याने वापरला, तो मोटारीचा माणूस नव्हता. मिस्त्रीच्या गॅरेजात तसला पाना सापडला नाही.

गाडी रात्री बागायतदाराच्या मळ्यावरच उभी असायची, म्हणून पंच घेऊन मी तिथे गेलो. विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत पाइप पाना खुंटीला टांगलेला होता. मी पोराच्या बापाला विचारलं.

"आबा, हा कोण वापरतं?"

"मीच. दुसरं कोन?"

मी नट त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो... कशाचा हाय?"

"ब्रेकचा."

"ब्रेकचा? पेट्रोलचा न्हवं?"

तो जागच्या जागी खाली बसला. मग आपणहून बोलू लागला.

"हिरीवरच्या विंजनाच्या डिझेलच्या नळीचा नट ढिला केला, नळीत हवा शिरली, की ते चालू हुत न्हाई. म्हनलं, गाडीचंबी तसंच असंल. गाडी बंद पडंल, पोरगं शर्यतीला जायाचं न्हाई. सकाळी गाडी चालू झाली तवा वाटलं, आपल्याला काय जमलं न्हाई."

पंचनामा चालू असताना त्याची बायको ओसरीवर आली. "सायेब, घावला का वो त्यो?"

मी काही बोलायच्या आत म्हातारा म्हणाला, "घावला."

मिस्त्रीला त्याच दिवशी सोडलं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं कलम मी म्हाताऱ्यावर लावलं. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. नातेवाइकांनी दिलेल्या वकिलाला तोंडच उघडू दिलं नाही.

तोवर संशयास्पद मृत्यू आला की मी आधी वैर शोधायचो. त्यानंतर मात्र मयतावर सगळ्यात जास्त जीव कुणाचा होता, हेही विचारू लागलो. नोकरीत पुढे बरेच कठीण प्रश्न विचारले, पण हा विचारताना समोरच्याच्या तोंडाकडे बघणं मला कधीच जमलं नाही.