महिला दुहेरीची खुर्ची

मालनबाई सोनकांबळे सत्तावीस वर्षं टेनिसच्या रेषेवर पंच म्हणून उभ्या होत्या, आणि एवढ्या काळात त्यांना कुणी एकदाही बसा म्हटलं नव्हतं.

वडील तातेराव नांदेडकडून येऊन सिकंदराबादला रेल्वेत लागले. रेल्वेच्या कोर्टावर मालन खेळायला शिकली. कॉलेजात दुहेरीत बरं नाव काढलं, पण जोडीदारणीचं लग्न झालं, ती विजयानगरमला सासरी गेली आणि हिचा खेळ संपला. दुहेरीत असंच असतं, एकीच्या लग्नात दोघींची रॅकेट माळ्यावर जाते. मग पार्सल ऑफिसातली नोकरी, अंबरपेठेतलं घर, उत्तमरावांशी संसार. रॅकेट गेली तरी डोळा शाबूत होता. पंचाच्या परीक्षा त्यांनी दिल्या, पासही झाल्या. दरवर्षी सगळी किरकोळ रजा टेनिसच्या रेषेवर खर्च व्हायची. बायका तीर्थयात्रेला रजा ठेवतात, ह्यांनी "आउट" ओरडायला ठेवली. मनात एकच होतं, रिटायर व्हायच्या आत एकदा मुख्य पंचाच्या त्या उंच खुर्चीवर बसून अख्खी मॅच चालवायची. तीही फायनल.

मग राज्य फुटलं, एकाची दोन झाली. डोंगर, धरणं, कारकून, टेबलं सगळ्यांची वाटणी सुरू झाली, तर टेनिस कसं सुटेल? जुन्या संघटनेचे सेक्रेटरी अप्पाराव ऑफिसची किल्ली सोडेनात. नव्या संघटनेचे सेक्रेटरी देवराव, त्यांनी शेजारीच दुसरं ऑफिस थाटलं आणि पहिल्या दिवशी रबर स्टँप बनवला. दोघांचे पंचही वेगळे झाले. मालनबाई दोन्हीकडे पंचाचा अर्ज घेऊन गेल्या.

"मॅडम, लोकल या नॉनलोकल?" देवरावांनी विचारलं.

"अंबरपेठ की हूँ. तीस साल से."

"वो नक्को. लोकल का हिसाब स्कूल से. चौथी से दसवी किधर पढे?"

"यहीं. मराठी मीडियम."

"मराठी?" देवरावांनी चष्मा काढून पुसला, जणू दोष काचेत होता. "मग तुम्ही महाराष्ट्राच्या." अप्पारावांनीही हेच सांगितलं, फक्त आधी चहा पाजला.

त्या डिसेंबरात महिलांची व्यावसायिक स्पर्धा शहरात आली. बक्षीस किरकोळ, बॅनर प्रचंड. एकेरीच्या फायनलला दोन परदेशी मुली पोचल्या. तिथे टीव्ही येणार, मंत्री येणार. त्या खुर्चीसाठी दोन्ही संघटना चार दिवस भांडल्या. महिला दुहेरीकडे बघायला कुणी रिकामं नव्हतं. आणि नेमकी तिथेच भानगड होऊन बसली. फायनलला पुण्याच्या दोघीजणी होत्या, आणि त्यांच्यासमोर एक सिकंदराबादची, एक विजयवाड्याची, म्हणजे आता दोन राज्यांतल्या दोघींची जोडी. पोरी लहानपणापासून एकत्र खेळायच्या. त्यांना राज्य फुटल्याचं कुणी सांगितलं नसावं.

ही जोडी जिंकली तर कप कुठल्या संघटनेच्या कपाटात जाणार?

आदल्या दिवशी दुपारी देवरावांचा फोन आला. "मालनबाई, उद्या महिला दुहेरीची खुर्ची तुमची. अप्पाराव भी हौ बोले."

दोघांचं एकमत! मालनबाईंनी फोन ठेवला आणि निळा ब्लेझर इस्त्रीला काढला.

"अहो, पण तुम्हालाच का?" उत्तमराव म्हणाले. त्यांना शंका घ्यायची खोड होती.

"सत्तावीस वर्षं झाली म्हणून."

"मग सव्विसाव्या वर्षी का नाही?"

"तुम्ही आधी तो इस्त्रीचा प्लग लावा."

कारण दुसऱ्या दिवशी कळलं. मालनबाई खुर्चीच्या पहिल्या पायरीवर चढल्या असतील-नसतील, तोच अप्पाराव जवळ आले आणि लग्नघरात मानपान कुजबुजावा तशा आवाजात म्हणाले, "पुण्याच्या मुली चांगल्या आहेत हं. तुमच्याच. थोडं बघा. सगळ्यांचीच सोय होईल."

मालनबाई त्या पायरीवर थांबल्या. परीक्षा, रजा, उन्हात उभं राहून सुजलेले पाय, ह्यातलं काहीच कुणी मोजलं नव्हतं. मराठी बाई आहे, पुण्याला झुकेल, आपली कटकट मिटेल, एवढाच हिशेब. खाली उतरावं असं त्यांच्या मनात आलं. पण उतरल्या तर खुर्चीवर अप्पारावांचा पंच असलेला मेहुणा बसला असता. त्या वर गेल्या.

"अप्पारावगारू," तेलुगूतलं मानाचं 'गारू' न विसरता वरून त्या म्हणाल्या, "पंच खुर्चीवर बसला की त्याच्याशी फक्त खेळाडूंनी बोलायचं. तुम्ही गेटाबाहेर उभे रहा."

पहिला सेट पुण्याकडे, दुसरा सिकंदराबाद-विजयवाड्याच्या जोडीकडे. तिसऱ्याऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. मंत्र्यांच्या गाड्या आल्या, एकेरीचे लोक "लवकर आटपा" म्हणून घड्याळं दाखवू लागले. मालनबाईंनी मान वळवली नाही. जोडीकडे नऊ, पुण्याकडे आठ. विजयवाड्याच्या मुलीने बाजूच्या रेषेलगत फटका मारला. पुण्याच्या मुलीची रॅकेट पोचलीच नाही.

"आउट!" रेषेवरचा पंच ओरडला, तो एरवी बँकेत कारकून होता. गेटाजवळ दोन्ही सेक्रेटऱ्यांचे चेहरे उजळले.

मालनबाईंनी चेंडू रेषेला पुसटसा घासून गेलेला पाहिला होता.

"करेक्शन," त्या माइकवर म्हणाल्या. "चेंडू आत होता. गेम, सेट अँड मॅच."

पुण्याच्या मुलीने थोडी कुरकुर केली, मग रेषेकडे बघून हात मिळवायला आली. खेळणाऱ्यांचं तेवढ्यात मिटलं. न खेळणारे धावत आले.

"मराठी असून तुम्ही असं केलं?" देवराव कळवळून म्हणाले. "तुमच्यावर आमचा किती भरवसा होता!"

"तो कप आता ठेवायचा कुठं?" अप्पाराव.

"दोन्ही पोरींच्या घरी. सहा-सहा महिने," मालनबाई म्हणाल्या आणि स्कोअरकार्डावर सही करू लागल्या.

कुणी ऐकलं नाही. बक्षीस समारंभात कपाचा एक कान अप्पारावांनी धरला, दुसरा देवरावांनी. जिंकलेल्या मुली फोटोत मागे उभ्या राहिल्या. त्यातली एक अर्धीच आली.

पुढच्या वर्षी पंचांच्या दोन याद्या निघाल्या. मालनबाईंचं नाव दोन्हींत नव्हतं. दोन्ही संघटनांचं एवढ्या लगोलग दुसऱ्यांदा एकमत झालं. अर्ज करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. फायनलला तिकीट काढून चौथ्या ओळीत बसल्या. खुर्चीवर अप्पारावांचा मेहुणा होता. त्याने एक चेंडू आउट दिला, तशा मालनबाई जागेवरूनच ओरडल्या. त्याने दोनदा ह्यांच्याकडे बोट दाखवून माइकवरून "क्वायट प्लीज" म्हटलं. ह्या गप्प बसल्या नाहीत. चेंडू आत होता.