मायचा फॉर्म

सुधाकर गेला.
किती दिवसांपासून छातीत दुखत होतं, देव जाणे. कोणालाच बोलला नाही.

मला राग आलाय. रडूही येतंय, पण राग जास्त.

मी तिसरी शिकलेली, नातीने फोनवर लिहायला शिकवलं. चुका सांभाळून घ्या.

धुळ्याला दोन खोल्यांत सुधाकरचं ऑफिस. पाच-सहा जण. सरकारनं गरिबांसाठी काय करावं, हे आधी गरिबांना विचारून रिपोर्ट लिहायचा, हे त्यांचं काम. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. मी नावानेच हाक मारायची, माझ्या मोठ्या पोरीएवढा तो.

पारोळ्याजवळ आमच्या गावी पहिल्यांदा आला तेव्हा मी भरताची वांगी भाजत होती. (भरीत कपाशीच्या काड्यांवरच भाजावं, गॅसवर चव येत नाही. असो.)

धुरात बसून फॉर्म भरत होता. डोळ्यांतून पाणी, पण उठला नाही.

"अक्का, आजारी पडल्या तर घरात पहिले कोणाला सांगता?"

"कोनलेच नही. सांगीसन काय व्हस?"

त्याने तस्संच लिहिलं. मला हसूच आलं. असलं कोणी लिहून घेतं का!

फॉर्मच्या शेवटी एक रिकामा रकाना होता. म्हणे, "आम्ही इतकं विचारलं, आता तुम्ही आम्हाला एक प्रश्न विचारा."

मी म्हटलं, "तू तुनी मायले हाई इचारं का कधी?"

त्याने पेनाला टोपण लावलं.
भरीत-भाकरी खाल्ली अन् निघाला.

आठ दिवसांनी परत आला. चप्पल काढायच्या आधीच सांगायला लागला.

"अक्का, शिंदखेड्याले घर जाईसन मी मायना फॉर्म भरा. तिना पाय दोन वरीसपासून सुजेल शेतस. मले माहितच नव्हतं."

"मंग?"

"डॉक्टरकडे नेली. वेळेवर आणलं म्हणे."

माय पुढे बरीच वर्षं जगली. एकदा मला भेटायलाही आली, स्वतःच्या पायांनी.

तेव्हापासून त्यांच्या ऑफिसात नियमच झाला. नवीन कोणी आलं की पहिला फॉर्म स्वतःच्या आईचा. आई नसेल तर बापाचा.

कोणी नवीन आलं की सुधाकर मला फोन करायचा. "अक्का, तुमनी परीक्षा पास झाली एक पोरगी!" मला एवढा आनंद व्हायचा. तिसरी पास बाईने काढलेला पेपर!

मागच्या महिन्यात आला होता. भरीत अर्धंच खाल्लं.

"चांगलं लागनं नही का रे?"

"पोट भरनं अक्का."

मी भरताचं विचारलं.
त्याचं विचारलं नाही.

सगळ्यांच्या मायांना विचारून झालं, आणि विचारणाऱ्यालाच कोणी विचारलं नाही.

सकाळी त्यांच्या ऑफिसातल्या सविताचा फोन आला. रडत होती. "अक्का, आता काय करू?"

मी म्हटलं, "बाई, रड. मग डोळे पूस, अन् ऑफिसात जितके शेतस तितक्यांचे फॉर्म भर. आजच. तुझा पहिला."

जाय रे सुधाकर. मायले भेट.
ती इचारी तं खरं सांगजो.

तुझ्या अक्काचा नमस्कार, भाऊ.