रिकाम्या खुर्चीची सही

ती घटना आजही आठवली की आधी मला स्वतःचंच हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता पुसट झालं. पण वर्धा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावी ठाणेदार असताना आलेलं हे प्रकरण जसंच्या तसं लक्षात आहे. यात कोणाला साधं खरचटलंही नव्हतं. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात आणि रोज एकमेकांची तोंडं पाहतात.

सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच आवारात गलका झाला. तीसेक भाजीवाल्या बाया आल्या होत्या, दोघींच्या हातात तर तागडी तशीच होती. डायरी अंमलदाराने फक्त चौघींना आत सोडलं, पण प्रत्यक्षात माझ्यापुढे अकरा जणी उभ्या राहिल्या. त्यांच्यातली सर्वांत वयस्कर बाई पुढे झाली.

"साहेब, आमच्या बाजाराची जागा गेली."

"कोणी घेतली?"

"नगरपरिषदेनं. अन् देल्ली कोनं? आमच्याच पोरीनं!"

त्यांच्याजवळ ठरावाची नक्कल होती. भाजी बाजाराच्या जुन्या जागेवर व्यापारी संकुल बांधावं आणि भाजीवाल्यांना गावाबाहेर बायपासजवळ हलवावं, असा तो ठराव. शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. ठराव मांडणारा तो सूचक आणि त्याला दुजोरा देणारा तो अनुमोदक. सूचक म्हणून नाव होतं त्याच वॉर्डाच्या नगरसेविकेचं. तिची आई वडनेरहून रोज एसटीने भाजी आणून याच बाजारातल्या ओट्यावर बसायची. आई गेली, मुलगी याच गावात नांदायला आली, वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा उभी राहिली आणि या बायांनी दारोदार फिरून तिला निवडून आणली. त्यामुळे राग संकुलाचा कमी आणि तिचा जास्त होता. मी अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकला आणि बायांना शांत राहायला सांगून परत पाठवलं. खरं तर ठराव पटला नाही म्हणून पोलिसांनी करायचं काय, असाच माझा विचार होता.

त्याच दुपारी नगरसेविका बाई ठाण्यात आल्या, सोबत त्यांचे पती. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणत. मीही भाऊच म्हणायचो. भाऊ आले की चहा सांगायचा ही सवय, तसा सांगितला. घरासमोर बाया जमल्या, सडके टमाटे फेकले, अशी त्यांची तक्रार होती. सांगत सगळं भाऊच होते. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मधेच त्या एकच वाक्य बोलल्या.

"मी हा ठराव नाई मांडला."

भाऊंनी चटकन त्यांच्याकडे पाहिलं. "घाबरली हाय साहेब. बाया चिडल्या, म्हनून आता नाई म्हनून राह्यली."

"सभेला तुम्ही हजर होतात का?" मी बाईंना विचारलं.

"सही हाय ना रजिस्टरवर," उत्तर भाऊंनी दिलं.

बाई गप्प झाल्या, आणि मला कुतूहल वाटलं ते तिथून. खोटं बोलणारा माणूस सहसा गप्प बसत नाही, तो जास्तच बोलतो. या बाई अर्धं खरं बोलून थांबल्या होत्या. उरलेलं अर्धं काय असावं, हे मला काही केल्या सुचेना.

दोन दिवसांनी बाजारात फेरी मारत होतो. एक भाजीवाली वांग्यांचा ढीग सारखा करत, मान वर न करता म्हणाली, "साहेब, येक सांगू का? पन माह्य नाव नाई घ्याचं."

"सांगा."

"ज्या दिवशीची ते मीटिंग सांगून राह्यले, त्या दिवशी दुपारच्या येस्टीत मेंबर बाई माह्या बाजूले बसून होती. वडनेरले तिच्या भावाच्या पोरीचं साक्षगंध होतं. माह्या टोपल्यातल्या सांभाराच्या उरलेल्या जुड्या बी तिनं घेतल्या."

"मग परवा या बायांसोबत तुम्ही काऊन आल्या होत्या?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

ती हसली. "राग त मले बी आला होता ना. घरी गेल्यावर इचार केला, येक मानूस दोन जागी कसा बसंन? पन बायाईले सांगतलं त म्हनते, तू वडनेरची, तिच्या माहेरची, तू तिचीच बाजू घेशीन."

ठराव पटणं न पटणं वेगळं आणि गैरहजर माणसाची सही रजिस्टरवर असणं वेगळं. हे माझ्या कामाचं होतं. मी नगरपरिषदेत गेलो, मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं आणि उपस्थिती नोंदवही व सभेचं इतिवृत्त ताब्यात घेतलं. बाईंच्या नावापुढे झोकदार सही होती, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. सभा दुपारी दोनची. मग सभेचं कामकाज लिहिणाऱ्या लिपिकाला बोलावलं. निवृत्तीला आलेला, साधा, टापटिपीचा माणूस.

मी कोणाला थेट 'खोटं का लिहिलं' असं विचारत नसे. तुमचं काम कसं चालतं ते मला शिकवा, असं म्हणायचो. माणूस शिकवायला लागला की लपवायचं विसरतो. लिपिक रंगात आला. विषयपत्रिका कशी काढतात, सह्यांचं रजिस्टर कसं फिरवतात, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय कसे घेतात, हे सगळं त्याने मन लावून सांगितलं. हा ठराव ऐनवेळचाच होता.

"त्याला सूचक म्हणून नाव कोणी दिलं?"

"भाऊनं. म्हंजे मॅडमनं."

"भाऊ की मॅडम?"

"आता साहेब, मॅडम म्हंजे भाऊच ना! सह्या बी भाऊच करते. निवडून आल्यापासून असंच चालू हाय. अन् येकट्या त्यायचंच नाई, चार मॅडमचे मिस्टर येते."

"मॅडमची खुर्ची कुठली?"

"तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ."

"त्या दिवशी त्या खुर्चीवर कोण होतं?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खाली होती साहेब. भाऊ मांगं भिंतीजवळ बसते."

"आणि कोणी हरकत घेतली नाही?"

"काऊन घेतीन? बाजार ज्या मेंबरच्या वॉर्डात, तिचंच नाव सूचक. बाकीच्यायनं म्हनलं, तिले चालते त आमाले काय करा लागते!"

सगळा डाव त्या एका नावावर उभा होता. दुसऱ्या कोणी मांडला असता तर ठरावावरून निम्मं सभागृह उठलं असतं. भाऊंना नव्या संकुलात कोपऱ्यावरचा गाळा देऊ असा शब्द मिळाला होता. हे त्यांनीच पुढे कबूल केलं.

पण बाई बोलल्याशिवाय यातलं काहीच उभं राहणार नव्हतं. चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, म्हणून महिला हवालदार सोबत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. भाऊ बाहेर गेले होते. सभेच्या दिवशी वडनेरला होते, एवढा जबाब बाईंनी दिला. वाचून दाखवला, बरोबर आहे म्हणाल्या आणि सही केली. पूर्ण नाव, एकेक अक्षर शाळेत गिरवल्यासारखं, वेळ घेऊन. मी रजिस्टरची छायाप्रत त्याच्या शेजारी ठेवली. आमची हवालदार ते बघून जागेवरच चुळबुळली.

"ही माही सही नाई," बाई म्हणाल्या.

"कोणाची आहे?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "सांगतलं त यायच्यावर गुन्हा होईन?"

"होईल. लिपिकावरही होईल."

"अन् नाई सांगतलं त?"

"मग ठराव तुमचाच राहील. ओटे उठतील."

"माही मेंबरकी जाईन का?"

"ते माझ्या हातात नाही, ताई. खोटा धीर देत नाही."

त्या उठून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज झाला. मला वाटलं संपलं, आता या बाहेर येणार नाहीत. नवऱ्याविरुद्ध लिहून द्यायचं म्हणजे खायचं काम नाही, आणि मी त्यांना दोषही दिला नसता. पण त्या पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या आणि समोर बसल्या.

"पहिल्या मीटिंगले मी गेलती. कोनी मले बसा बी नाई म्हनलं. घरी आल्यावर हे म्हनले, तू कायले दगदग करतं, मी पाहून घेतो. मले बी बरंच वाटलं तवा. त चूक माही बी हाय, हे आधी लिवा. मंग सहीचं लिवा."

मी लिहिलं. माझ्या नोकरीत स्वतःची चूक आधी लिहायला लावणारी ती पहिली फिर्यादी. तिच्याबद्दल मला त्या क्षणी जो आदर वाटला तो अजून आहे.

गुन्हा दाखल झाला. भाऊंना अटक होऊन जामीन झाला, लिपिक निलंबित झाला, सह्यांचे नमुने हस्ताक्षर तज्ज्ञाकडे गेले. जिल्हाधिकाऱ्यांनी ठरावाला स्थगिती दिली आणि विषय रीतसर सभेपुढे ठेवायला सांगितलं. त्या विशेष सभेला बंदोबस्त माझा होता. आवारात भाजीवाल्या बसल्या होत्या, मी सभागृहाच्या दारात उभा. भाऊही आले होते, जामिनावर सुटलेल्या माणसासारखे नाही, नेहमीसारखे ताठ. मी त्यांना अडवलं. "सदस्यांशिवाय कोणी नाही." ते जिन्याच्या पायरीवर बसले.

बाई तिसऱ्या रांगेत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या. विषय पुकारताच उभ्या राहिल्या.

"या विषयाची मी सूचक नाई. माहा विरोध हाय. माह्या वॉर्डातल्या बाया सकाळच्या येस्टीनं भाजी आनते. बायपासवर येस्टी थांबत नाई. तथी घेईन कोन अन् इकन कोन?"

एवढंच बोलून बसल्या. चर्चा तासभर चालली, नंतर हात वर करून मतदान. नवीन लिपिक एकेक नाव मोठ्याने घेत होता. ठरावाच्या बाजूने आठ, विरुद्ध नऊ. तेव्हा कागदावर हेच सतरा जण सर्वानुमते बाजूने होते. त्या दिवशी कोणी विचारलंच नव्हतं, एवढाच काय तो फरक. बाहेर बायांना निकाल कळला तेव्हा टाळ्या वगैरे काही झालं नाही. ती वयस्कर बाई म्हणाली, "चाला बाप्पा, भाजी सुकून राह्यली," आणि सगळ्या उठल्या.

इथवर मी खूष होतो. तपास फत्ते, वरिष्ठांची शाबासकी. पुढच्या महिन्यात सणाच्या तोंडावर ठाण्यात शांतता समितीची बैठक लावली. नगरसेविका बाईंना फोन करायचा म्हणून मोबाईल काढला, तर त्यांचा नंबरच नव्हता. होता फक्त भाऊंचा. शेवटी शिपाई घरी पाठवून निरोप दिला.

बाई आल्या. उपस्थितीचं रजिस्टर फिरत त्यांच्याकडे गेलं. त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं. मग त्या मागची पानं उलटायला लागल्या. एक, दोन, तीन. मग रजिस्टर उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"साहेब, ह्या तीन सह्या बी माह्याच नावाच्या हायेत."

झोकदार सही, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. त्या तिन्ही बैठकांना भाऊंना मीच हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं.

"अन् खाली तुमची सही हाय," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

ज्या गोष्टीसाठी मी एका साध्या लिपिकाला आरोपी केलं, तीच मी तीनदा केली होती आणि मला ते दिसलंही नव्हतं. मी तपास केला तो दुसऱ्यांच्या रजिस्टरचा. त्याच दिवशी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना स्वतःबद्दल अहवाल पाठवला. लेखी ताकीद मिळाली. सेवापुस्तकात बक्षिसांच्या नोंदी बऱ्याच आहेत, ताकीद ही एकच आणि ती रास्त आहे.

हल्ली आमच्या सोसायटीच्या सभेत वयामुळे मला अध्यक्ष करतात. शेवटी रजिस्टर सहीसाठी पुढे येतं. मी पेन खाली ठेवतो आणि आधी उठून भरलेल्या खुर्च्या मोजतो. लोक कंटाळतात, हसतात. हसू देत.