आर्डिसने लावलेली राख

आर्डिस पेनहेल एकतीस वर्षं आमच्या गावची शाळेची बस चालवते आहे. एवढ्या वर्षांत तिने बस मागे वळवली ती एकदाच, तीसुद्धा पुढे पूलच राहिला नव्हता म्हणून. बाकी कमरेइतकं बर्फ पडलेलं असो की सरोवरावरून वारा सुटलेला असो, पोरांना ती दारापर्यंत सोडणार. "रस्ता दिसत नसला तर विजेचे खांब दिसतात की," म्हणते. ती दोन वेण्या घालून फिरायची तेव्हापासून मी तिला बघते आहे. तेव्हाही अशीच होती. मला ती मुम्मू म्हणते. आम्हा फिनलंडकडच्या लोकांत आजीला तसं म्हणतात. ती काही माझी नात नव्हे, ती कॉर्नवॉलकडून आलेल्या खाणवाल्यांची. पण आता अख्खं गावच मला मुम्मू म्हणतं, पोस्टातला माणूससुद्धा, त्यामुळे तक्रार कुठे करणार?

आमच्या गावातली तांब्याची खाण बंद पडली, मग दुकानं गेली, मग सेंट पिरान चर्चचे पाळकही गेले. महिन्यातून एकदा एक म्हातारे निवृत्त पाळक दोन तास गाडी हाकत यायचे आणि प्रभुभोजन देऊन जायचे. उरलेल्या रविवारी पांढरा झगा घालून आर्डिस प्रार्थना वाचायची. बसमध्ये बोलते त्याच आवाजात. मागच्या बाकावर पेंगणारेही सरळ बसायचे. रविवारी आम्ही चौदा जण. विल्बर्ट ट्रेम्बाथचा गुडघा दुखत असला तर तेरा. विल्बर्ट म्हणजे चर्चचा मुख्य पंच, वय ऐंशीच्या घरात आणि तोंड कायम लिंबू खाल्ल्यासारखं.

बुधवारची गोष्ट मात्र वेगळी. दर बुधवारी चर्चच्या तळघरात दुपारचं जेवण. सूप आणि पेस्ट्या, म्हणजे खिमा, बटाटा आणि सलगम भरलेल्या खाणवाल्यांच्या मोठाल्या करंज्या. जो येईल त्याला वाढायचं, नाव-गाव विचारायचं नाही. चाळीस-पन्नास माणसं येत. तिथलं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात.

जानेवारीत बिशपसाहेबांचं पत्र आलं. प्रार्थनेनंतर कॉफी पिताना विल्बर्टने ते मोठ्याने वाचलं. भाषा गोड होती, पण मतलब एकच: चौदा माणसांसाठी चर्च उघडं ठेवणं जमणार नाही. शेवटी लिहिलं होतं, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी मी स्वतः येतो, बघतो आणि त्याच दिवशी ठरवतो.

"येऊ दे," आर्डिस म्हणाली.

"येऊ दे काय? ही चौदा पांढरी डोकी दाखवणार त्यांना?"

"माझं अजून काळं आहे, विल्बर्ट."

"रंगवलेलं."

"रंगवलेलं तर रंगवलेलं. पण तोवर एकही प्रार्थना चुकवायची नाही आणि एकही सण सोडायचा नाही. सगळं नीट चाललेलं चर्च कोण बंद करतं ते बघू या."

सगळं नीट करायच्या या हट्टातूनच पुढचं रामायण घडलं.

ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, आम्ही हिरव्या झावळ्या घरी नेतो आणि भिंतीवरच्या क्रुसामागे खोचतो. वर्षभराने त्या वाळल्या की चर्चमध्ये आणून जाळायच्या आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, त्याच राखेने कपाळावर क्रूस काढायचा. त्या वर्षी परत आल्या मोजून तीन झावळ्या. विल्बर्टची मांजरीने खाल्ली होती. आर्डिसने कॉफीच्या डब्यात त्या जाळल्या, तर जेमतेम चमचाभर राख निघाली. आणि तिच्या मनात तर मोठा बेत होता. राख फक्त चर्चमध्ये लावायची नाही. सकाळी बसच्या डेपोत जायचं, बर्फ काढणाऱ्या गाड्यांच्या शेडमध्ये जायचं, जेवणाच्या रांगेतही ज्याला हवी त्याला लावायची. चमचाभराने काय होणार? म्हणून तिने घरच्या शेगडीतली मेपलच्या लाकडाची राख त्यात मिसळली.

आता राख कपाळाला चिकटायला हवी. त्यात दोन थेंब तेल घालतात. पण चर्चमध्ये तेल होतं ते आजाऱ्यांना लावायचं, बिशपांनी आशीर्वाद दिलेलं, बोटभर बाटलीतलं. ते राखेत घालायला आर्डिसचा हात धजला नाही. तिने बाप्तिस्म्याच्या कुंडातलं पवित्र पाणी घातलं. म्हाताऱ्या पाळकांना फोन करून विचारता आलं असतं, पण आर्डिस विचारणाऱ्यांतली असती तर इतकी वर्षं त्या बर्फात बस चालवलीच नसती.

बुधवारी पहाटे सहालाच ती डबा घेऊन निघाली. शेडमध्ये रेनो हाकाला कामावरून सुटत होता. "मी पाप करायचं कधी? सारखं बर्फच उपसतोय," म्हणाला, पण टोपी काढून कपाळ पुढे केलं. अकराला जेवणाची रांग लागली. माझे हात पिठात होते, मी म्हटलं, मला नंतर वर लाव. एकला वर चर्चमध्ये प्रार्थना होती. शेवटचा ट्रे भट्टीतून काढून मी धापा टाकत जिना चढले आणि सगळ्यांच्या शेवटी कठड्याशी गुडघे टेकले.

आर्डिसने अंगठा टेकवला आणि म्हणाली, "आपण मातीचे, मातीतच जाणार." कपाळावरून एक थेंब नाकावर ओघळला. मी तो बोटाने पुसला आणि सवयीने दोन बोटांत चोळला. बुळबुळीत लागला. अगदी साबणासारखा.

माझी आई मेपलच्या राखेतून पाणी गाळून त्यात चरबी उकळायची आणि साबण पाडायची. त्या पाण्याजवळ आम्हा पोरांना ती फिरकू द्यायची नाही. हाताला लागलं की कातडं सोलून निघायचं.

मी तिथेच उभी राहिले. "आर्डिस! यात पाणी घातलंस?"

"पवित्र पाणी आहे, मुम्मू."

"पवित्र असलं म्हणून काय झालं? भाजतंय ते! उठा सगळे, तोंडं धुवा!"

"तरीच," विल्बर्ट कपाळ चाचपत म्हणाला. "मला वाटलं, पश्चात्तापाने आग होतेय."

मी सगळ्यांना बाहेर अंगणात काढलं. उपवासकाळाचा पहिला दिवस, अंगावर चांगले कपडे, आणि सेंट पिरानची सगळी मंडळी रांगेने उभी राहून मुठी भरभरून कपाळावर बर्फ चोळते आहे. समोरचा न्हावी दुकान सोडून बघायला आला होता.

आमचं लवकर धुतलं गेलं म्हणून थोडक्यात निभावलं. पण ज्यांनी सकाळी लावलेली ती राख भक्तिभावाने कपाळावर तशीच ठेवली होती, त्यांच्या कपाळावर संध्याकाळपर्यंत लालभडक क्रूस उठले. काहींना फोडही आले. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, वरवरचं आहे, मलम लावा, महिनाभरात जाईल.

तळघरात विल्बर्ट येरझाऱ्या घालत होता. "संपलं! बिशपांच्या कानावर गेलं की कुलूपच. कुणी एक अक्षर बोलायचं नाही. आपोआप विसरतील लोक."

"कपाळावर घेऊन फिरताहेत, विसरतील कसे?" मी म्हटलं.

आर्डिस पिठाच्या पिंपावर बसली होती. तिचा अंगठा टम्म फुगून पांढरा पडला होता. सकाळपासून चुणचुणत होता म्हणे, तिला वाटलं थंडीने. तो तिने गार पाण्याच्या वाडग्यात बुडवून ठेवला होता. मला वाटलं, आता रडणार. पण ती म्हणाली, "मुम्मू, यादी कर."

"कसली?"

"ज्यांना ज्यांना लावली त्यांची. माझा हात चालत नाहीये. मी सांगते, तू लिही."

माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणतात, तरी लिहिलं. शेहेचाळीस नावं झाली. कोण कुठे राहतं ते आर्डिसला तोंडपाठ, निम्म्यांना तर तिनेच बसमधून शाळेत नेलेलं.

दुसऱ्या दिवसापासून बसची फेरी संपली की आम्ही दोघी तिच्या गाडीतून निघायचो. तिच्याकडे मलमाच्या नळ्या, माझ्या मांडीवर गरम पेस्ट्यांची टोपली. चर्चची बाई दारात दिसली की लोक पडदा सरकवतात, पण पेस्टीचा वास आला की कडी काढतात, हे मला माहीत होतं.

रेनोने दार उघडलं तेव्हा त्याच्या कपाळावर क्रूस असा उठला होता की दुरूनही दिसावा.

"मलम आणलंय," आर्डिस म्हणाली. "चूक माझी आहे, रेनो. माफ कर."

"ये आत. बायको म्हणते, सोळा वर्षांत माझ्यावर कशाचा तरी परिणाम झालेला तिने पहिल्यांदाच पाहिला."

"रागावला नाहीस?"

"रागावून तक्रार कुणाकडे करू? आपल्याच चर्चमध्ये झालं."

"आपल्या? तुला तर मी रविवारी कधी पाहिलं नाही."

"रविवारी मी झोपतो. पण चार वर्षं दर बुधवारी येतो, बाकडी मांडतो, गेल्या साली तुमच्या जिन्याचा कठडा बसवला. मग ते चर्च माझं नाही तर कुणाचं?"

गाडीत बसल्यावर आर्डिसने किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही. "मुम्मू, ऐकलंस?"

"माझे कान अजून शाबूत आहेत."

सगळीच दारं अशी उघडली नाहीत. नदीकाठच्या एका म्हाताऱ्याने काचेतून आम्हाला बघितलं आणि दिवा मालवला. तो त्यानंतर जेवायलाही आला नाही. आणि जोलीन, दोन मुलींना एकटीने वाढवणारी तरुण पोर, दारातच कडाडली. तिच्या धाकटीने हट्टाने राख लावून घेतली होती.

"शाळेत हसतात तिला! तुमच्या देवाला सांगा, दुसऱ्याची पोरं बघ म्हणावं."

"देवाची नाही, माझी चूक," आर्डिस म्हणाली. "उद्या येते. मलम मी लावीन."

"नका येऊ."

दुसऱ्या दिवशी आर्डिस गेली. तिसऱ्या दिवशीही. जोलीन दारात उभी राहायची, पोरगी बाहेर येऊन पायरीवर बसायची, आर्डिस डाव्या हाताने मलम लावायची. उजव्या अंगठ्याला पट्टी होती. बसमध्ये त्या पोरीला तिने आपल्या मागच्या पहिल्या सीटवर बसवलं आणि आरशातून असं बघितलं की हसणाऱ्यांचं हसू घशातच राहिलं. पाचव्या दिवशी जोलीनने कॉफी दिली. दारातच दिली, पण दिली.

निघताना प्रत्येकाला आर्डिस एकच सांगायची. "बिशप येणार आहेत. चर्च बंद करायचं म्हणताहेत. मी त्यांना हे सगळं सांगणार आहे. यायचं तर ये, नाही तर नको. मलम त्यासाठी नाही."

विल्बर्टला हे कळलं तेव्हा तो ओरडलाच. "स्वतःच्या हाताने कुलूप लावतेस तू!"

"बस ठोकली तर कागद भरावा लागतो, विल्बर्ट. ठोकून लपवली तर लायसन जातं."

तो रविवार उजाडला. बर्फ वितळून सगळीकडे चिखल. बिशपसाहेब स्वतःची बॅग स्वतः उचलत आले आणि आपल्या मानाच्या काठीचे तीन तुकडे पिळून पिळून जोडत उभे राहिले. मी तळघरात भट्टी पेटवून वर आले तर मागची बाकं भरलेली. शेडमधले लोक केशरी जाकिटांतच आलेले. जोलीन दोन्ही मुलींना घेऊन दाराजवळ, लगेच निघून जाता येईल अशी बसलेली.

कधी उठायचं, कधी बसायचं, कुणालाच माहीत नाही. आर्डिस थांबे पुकारावेत तशी पुकारू लागली. "पान तीनशे पंचावन्न, उभे राहा. आता बसा. रेनो, टोपी." बिशपसाहेब हसू दाबत ओठ चावत होते.

प्रभुभोजन झाल्यावर ते म्हणाले, "आता मला तुमच्याबद्दल सांगा."

आर्डिस पुढे गेली. तिने झावळ्यांपासून सुरुवात केली. शेगडीतली राख, न वापरलेलं तेल, कुंडातलं पाणी. काही गाळलं नाही. विल्बर्ट डोळे मिटून बसला होता.

"किती जणांना भाजलं?" बिशपसाहेबांनी विचारलं. हसले नाहीत.

"शेहेचाळीस."

"त्यांतले आज कुणी आलेत?"

आर्डिसने मागे बघितलंच नाही. मी मात्र बघत होते. आधी रेनो उभा राहिला. मग त्याची बायको, मग केशरी जाकिटं एकेक करून. जोलीनची धाकटी बाकावरच उभी राहिली आणि केस मागे करून कपाळ दाखवू लागली, तिथे आता काही नव्हतं तरी. जोलीनने तिला खाली ओढलं नाही. मी मनात मोजलं. माझ्यासकट सदतीस.

"मला तर चौदा म्हणून कळवलं होतं," बिशपसाहेब म्हणाले.

आणि विल्बर्ट उठला. गुडघा धरून, बाकाला टेकून उठला. "ते रविवारचे, साहेब. बुधवारचे आम्हीच कधी धरले नाहीत. चूक आमची."

त्या माणसाच्या तोंडून चूक हा शब्द मी साठ वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

बिशपसाहेब म्हणाले, "बंद करायचं पत्र मी लिहिणार नाही. पण प्रभुभोजन बुधवारीही व्हायला हवं, आणि त्यासाठी इथलाच पाळक हवा." मग आर्डिसकडे वळले. "तुम्ही पाळक व्हायचा अभ्यास कराल?"

"बसच्या फेऱ्या संभाळून करीन. चालेल?"

"चालेल. आणि तेलाची मोठी बाटली मी पाठवून देतो. वापरा ते. त्यासाठीच असतं."

खाली पेस्ट्या कमी पडल्या. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. विल्बर्टने आपली अर्धी जोलीनच्या धाकटीला दिली आणि वर तिलाच ऐकवलं, की मांजराला घालू नकोस, माझ्या मांजरीमुळेच हे सगळं झालंय.

आर्डिसचा अभ्यास चालू आहे. पुस्तकं बसच्या डॅशबोर्डवर असतात. तिच्या अंगठ्यावर अजून एक गुळगुळीत गुलाबी डाग आहे. आणि दर वर्षी राखेच्या बुधवारी पहाटे ती राखेचा डबा घेऊन आधी माझ्या घरी येते. मी बाही वर करते. ती माझ्या मनगटावर एक रेघ ओढते आणि आम्ही दोघी घड्याळाकडे बघत बसतो.

"काही?" ती विचारते.

"काही नाही," मी सांगते. "जा आता, लोक वाट बघताहेत."