पाद्री स्टुलावर का बसला

सतराव्या शतकातल्या एका स्कॉटिश पाद्र्याचं चरित्र मी लिहिलं, आणि त्याचं शेवटचं प्रकरण चुकीचं लिहिलं. पुस्तक छापून यायच्या आधीच मला ते कळलं होतं. ज्या विद्यार्थिनीने चूक दाखवली तिला मी चारचौघांत गप्प केलं. ते मी मराठीत केलं होतं, म्हणून हेही मराठीतच लिहितो आहे.

मी जपानात आलो तो बायकोच्या नोकरीमागे. ती भातावर संशोधन करते. त्सुकुबाच्या एका संस्थेत तिला जागा मिळाली आणि मी पुस्तकांची खोकी घेऊन मागोमाग आलो. हे सांगायची मला पहिली काही वर्षं लाज वाटायची. मुंबईत ज्या कॉलेजात शिकलो त्याच्या ग्रंथालयात स्कॉटलंडच्या चर्चवरच्या जुन्या पुस्तकांचं एक कपाट होतं. ते कोणी उघडत नसे, म्हणून मी उघडलं, आणि तोच माझा विषय झाला. तोक्योच्या एका लहान खाजगी विद्यापीठात मला तासावर शिकवायला मिळालं. सकाळच्या वेगवान गाडीने तोक्यो, संध्याकाळी परत त्सुकुबा. त्या गाडीत बसून मी पाद्र्याचं चरित्र लिहिलं. ते छापणार असं ठरलं तेव्हा विद्यापीठाने मला कायम केलं.

पाद्री समुद्रकाठच्या एका गावात, मासेमारीची जाळी विणणाऱ्या घरात जन्मला. कुणाच्या तरी धर्मादायावर शिकला. शिक्षण झाल्यावर बरीच वर्षं चर्च मिळेना, तेव्हा खेड्यातल्या पोरांना अक्षरं गिरवायला लावत बसला. शेवटी डोंगरातलं एक चर्च मिळालं. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि वारा इतका की प्रवचन मागच्या बाकांवर पोचत नसे. त्याने प्लेग पाहिला. इंग्लंडच्या सैन्याने त्याच्या चर्चमध्ये घोडे बांधले तो हिवाळाही पाहिला; तेव्हा त्याने धान्याच्या कोठारात उपासना चालवली. तरुणपणी इतर पाद्र्यांबरोबर त्यानेही शपथ घेतली होती की आमच्या चर्चवर बिशप चालू देणार नाही. पुढे परागंदा झालेला राजा परतला आणि त्याने नेमलेले बिशपही परतले. त्याचे कितीतरी सोबती शपथेला जागून चर्च सोडून गेले आणि माळरानावर प्रवचनं करू लागले. हा मात्र बिशपपुढे गेला, मान लववली आणि आपल्या गावात राहिला. दोन्ही बाजूंनी त्याला शिव्या दिल्या.

मीही दिल्या. विद्वानाला शोभतील अशा शब्दांत, पण दिल्याच.

त्यानंतर येते ती स्टुलाची गोष्ट. त्या चर्चमध्ये पाप करणाऱ्याला सगळ्या गावासमोर, प्रवचनाच्या चौथऱ्याखाली, पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवत. म्हणायचं स्टूल, पण ते उंच बाकासारखं असे, दोघं बसतील एवढं. गावचे वडीलधारे सभा घेऊन शिक्षा ठरवत आणि त्यांचं समाधान होईपर्यंत दर रविवारी तिथे बसावं लागे. त्या गावातल्या एका मोलकरणीला लग्नावाचून मूल झालं आणि ती बापाचं नाव सांगेना. तिला बसवलं. एका रविवारी पाद्री आत आला, चौथऱ्यावर न चढता त्या स्टुलावर तिच्या शेजारी जाऊन बसला. स्तोत्र गाऊन होईपर्यंत बसला. मग उठून वर गेला आणि प्रवचन केलं. काही महिन्यांनी वरच्या धर्मसभेने त्याला पदावरून काढलं. पुढे तो दुसऱ्या गावात पुन्हा पोरांना अक्षरं शिकवत म्हातारा झाला आणि मेला.

मी लिहिलं की मुलाचा बाप तोच होता. जो माणूस बिशपपुढे वाकला तो शेवटी स्वतःच्या गावापुढे उघडा पडला, असा त्या प्रकरणाचा शेवट होता. वाक्य मला फार आवडलं होतं.

विद्यार्थिनी साताऱ्याकडची, डॉक्टरेट करायला आलेली. आमच्या सेमिनारमध्ये जपानी मुलं, दोन प्राध्यापक आणि ती. बोलणं इंग्रजीत चाले. ती आपल्या प्रबंधातलं याच पाद्र्यावरचं प्रकरण वाचत होती. ती म्हणाली, पाद्र्याला शिक्षा करायचा अधिकार गावच्या सभेला नव्हताच. तो वरच्या धर्मसभेला. आणि शिक्षा चालू असलेल्या पाद्र्याला प्रवचन करता येत नाही. याने तर त्याच दिवशी केलं. म्हणजे त्याला कुणी बसवलं नव्हतं, तो आपणहून बसला. काढतानाही आरोप व्यभिचाराचा नव्हता, शिस्तीची थट्टा केल्याचा होता.

खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हसलो आणि तिला मराठीत म्हणालो, "बाई, हे संशोधन नाही, कीर्तन आहे. टाळ आणलेत का?"

मग इतरांकडे वळून जपानीत म्हणालो की मुद्दा थोडा भावनिक वाटतो. त्यांना आधीचं वाक्य कळलं नव्हतं, पण आवाज कळला. तिने पानं नीट केली आणि पुढचं वाचलं.

त्या संध्याकाळी गाडीत, त्सुकुबा यायच्या आतच, मला मान्य करावं लागलं की तिचं बरोबर आहे. शिक्षा झालेल्या पाद्र्याला चौथऱ्यावर चढता येत नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच शिकवत होतो. पुस्तक छापखान्यात होतं. एक फोन करता आला असता. मी केला नाही. तिचं प्रकरण "पुनर्विचार करावा" असं लिहून परत पाठवलं. तिने पुनर्विचार केला नाही, शिष्यवृत्ती संपली, आणि तिने एका व्यापारी कंपनीच्या तोक्यो ऑफिसात नोकरी धरली. निरोप घ्यायला आली तेव्हा मी तिला कॉफी पाजली आणि म्हणालो, "कंपनीत पगार चांगला असतो."

बायको निवृत्त झाल्यावर आम्ही तोक्योतल्या ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहायला आलो. खाली भारतीय दुकान आहे, लिफ्टमध्ये मराठी ऐकू येतं, आणि कचरा चार प्रकारांनी वेगळा करावा लागतो. एकदा मी शेगडीचा गॅसचा छोटा डबा जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत टाकला. कचऱ्याच्या गाडीतून धूर निघाला. कोणाला काही झालं नाही, पण पालिकेच्या कचरा कार्यालयात जाऊन माफी मागणं आलं. आमच्या इमारतीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष माझ्याहून वयाने मोठे. ते कोट घालून दारात उभे राहिले, माझ्याबरोबर चालत आले आणि काउंटरवर माझ्याइतकेच, माझ्याहून थोडे जास्तच, वाकले. परतताना मी म्हणालो, "तुमची काही चूक नव्हती. तुम्ही कशाला आलात?"

ते म्हणाले, "एकटे गेला असतात तर त्यांनी फार वेळ सुनावलं असतं. मला दुपारी गोचा डाव खेळायला जायचं होतं."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती हसली. मग पाद्र्याचं आणि त्या विद्यार्थिनीचंही सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा ती हसली नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आमच्यात चूक निघाली की पेपर मागे घेतात. तुमच्यात काय करतात?"

"दुसरी आवृत्ती."

"मग काढा की. वाट कशाची बघताय, तिच्या निवृत्तीची?"

योग असा की त्याच सुमाराला एका लहान प्रकाशनाने पुस्तकाचा जपानी अनुवाद काढायचं ठरवलं. मी विद्यार्थिनीचा नंबर शोधून फोन केला. तिच्या मुलीने उचलला. मी मराठीत बोललो, तिने आतल्या बाजूला जपानीत ओरडून सांगितलं की कोणीतरी भारतीय आजोबा आहेत. आम्ही फुनाबोरी स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटलो. ती तिथेच जवळ राहते. तिचे केस अर्धे पांढरे झालेत. तिने आधी माझ्यासाठी खुर्ची ओढली, याने मी आणखीच अवघडलो.

"सर, बारीक झालात."

"तू ओळखलंस."

"तुमची पिशवी ओळखली. तीच आहे ना?"

मी पाठ करून आलो होतो ते सगळं बोललो. तेव्हाच कळलं होतं, पुस्तक थांबवता आलं असतं, थांबवलं नाही, तुझं प्रकरण मुद्दाम परत केलं. नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहीन, त्यात तुझ्या नावाने जाहीर माफी मागेन.

ती कॉफी ढवळत राहिली. साखर घातलीच नव्हती.

"प्रस्तावनेत तुम्ही माफी मागणार. वाचणारे म्हणणार, केवढा मोठा माणूस. आणि मी तिथे तुमच्या शेजारी बसायचं, हिचं वाटोळं झालं म्हणून दाखवायला. सर, माझं वाटोळं झालेलं नाही. मी आमच्या विभागाची प्रमुख आहे."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"माहीत आहे. पण दिसणार तसंच."

"मग काय करू?"

"तुमचं शेवटचं प्रकरण काढा. तिथे माझं छापा. माझ्या नावाने."

माझ्या तोंडून लगेच हो आलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण त्या भेटीत मी फार उदार होतो असं कोणाला वाटायला नको. सगळ्या पुस्तकाचा उतार त्या शेवटाकडे होता, तो शेवट माझा होता. मी म्हणालो, "तुझ्या प्रकरणात दोन चुका होत्या."

ती पहिल्यांदा हसली. "आल्याबरोबर चुका? कोणत्या?"

मी सांगितल्या. एक, एका धर्मसभेचं नाव तिने चुकीचं दिलं होतं. दुसरी मोठी. तिने लिहिलं होतं की मोलकरीण पुढेही त्याच गावात राहिली. मी म्हणालो, अशा बायका गाव सोडून जात. गावच्या सभेच्या नंतरच्या नोंदींत त्याच नावाची जी बाई दिसते ती दुसरी.

"का दुसरी?"

"कारण पहिली राहिलीच नसती."

"बघते," ती म्हणाली. मग कप बाजूला सारून, "आणि ते टाळांचं वाक्य. ते तुम्ही मराठीत बोलला होतात. तिथे कोणालाच कळलं नाही, त्यामुळे माझ्याशिवाय कोणाला ते माहीतही नाही. मला कधीकधी वाटायचं, मीच कल्पना केली."

मी म्हणालो, "नाही. मी ते म्हणालो होतो."

प्रकाशनाच्या संपादकाला सांगितलं तेव्हा त्याने दातांतून बराच वेळ हवा आत ओढली. जपानात याचा अर्थ नकार. शेवटचं प्रकरण दुसऱ्याचं, आणि ते मूळ लेखकाला खोटं पाडणारं, असं पुस्तक वाचकाला गोंधळात टाकेल, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, तसं होणार नसेल तर पुस्तक नको. त्याने दोन आठवडे मागितले आणि शेवटी मुखपृष्ठावर दोन नावं घालायचं कबूल केलं.

महिन्याभराने तिचं प्रकरण आलं. धर्मसभेचं नाव दुरुस्त केलं होतं. दुसरी गोष्ट तशीच होती, फक्त समासात लिहिलं होतं: "सर, ती गेली नव्हती. नंतरच्या नोंदी पुन्हा वाचा, या वेळी ती गेलीच असेल असं धरून नको."

मी वाचल्या. पाद्र्याला काढल्यावर बऱ्याच वर्षांनी गावच्या सभेपुढे एक भांडण आलं होतं. एका बाईने रविवारी चर्चच्या भिंतीवर कपडे वाळत घातले, शेजारीण बोलायला गेली तर तिलाच उलट सुनावलं. बाईचं नाव तेच. तिच्याबरोबर आलेल्या मुलाचं वय दिलं होतं, ते बरोबर जुळत होतं. सभेने दोघींना समज देऊन घरी पाठवलं. त्या नोंदीवरून माझी नजर पूर्वी कितीदा तरी गेली असेल.

मी समासात "मान्य" एवढंच लिहिलं आणि प्रकरण परत पाठवलं.