करणाऱ्या बाईंचं आडनाव

दादरच्या एका फराळाच्या दुकानात अकरा वर्षं माझ्या बायकोचे अनारसे विकले गेले. डब्यावर नाव दुकानाचं असे. ते नायगावच्या बीडीडी चाळीत, आमच्या खोलीत तळले जातात, हे दुकानाच्या मालकीणबाईंना, म्हणजे काकूंना, माहीत होतं. गिऱ्हाइकांना नव्हतं.

गणपतीनंतर काकूंनी दुकान बंद करायचं ठरवलं. गुडघे चालेनात. बायकोला म्हणाल्या, "आता तूच ऑनलाइन घाल गं. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी लिंक पाठवते."

मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालोय, मुलगी अजून शिकते. दिवाळीचं हे काम गेलं तर घर कशावर चालणार, हा प्रश्न तिघांनाही पडला होता.

घरगुती पदार्थ विकणाऱ्या एका अ‍ॅपचा फॉर्म मुलीने फोनवर भरायला घेतला. पदार्थ बनवणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, स्वयंपाकघराचा फोटो. हे सगळं गिऱ्हाइकांना दिसणार होतं. आम्ही बौद्ध. आडनाव वाचलं की ते कळतं.

"नुसतं पहिलं नाव टाक," मी म्हणालो.

"पप्पा, 'नाव न छापण्याच्या अटीवर' असं टाकू का? तुमच्या बातमीत असायचं तसं."

बायको हसली. मला हसू आलं नाही. तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगितली. नऊ वर्षांपूर्वी मी दुकानात डबे पोचवायला गेलो होतो. एका बाईंनी काउंटरवर विचारलं, "करतं कोण हो हे?" काकू म्हणाल्या, "आपल्यातल्याच आहेत एक." बाईंनी दोन किलो घेतले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी रिकामे डबे उचलून निघालो.

"मला माहितीये," बायको म्हणाली. "काकूंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. रडल्या पण."

"मग मला बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

फॉर्म दोन दिवस तसाच राहिला. मी बातम्यांच्या टेबलावर तीस वर्षं काढली आहेत. शेवटची काही वर्षं, वेबसाइटवर कोणत्या आडनावाखाली कसल्या प्रतिक्रिया येतात, त्या मी रोज वाचत होतो आणि काढून टाकत होतो. इथे काढून टाकणारं कुणी नसणार होतं. फोनवर काही वाजलं की मी लगेच उघडून बघायचो; तेव्हा तर आम्ही अजून काही टाकलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, बायको पाणी भरत असताना, मी ओट्यावरच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर उतरवून कपाटामागे ठेवली आणि फोटो काढला. ती आली, भिंतीकडे पाहिलं.

"तसबीर कुठंय?"

"काचेवर उजेड चमकतो."

"अकरा वर्षं नाही चमकला तो?"

तिने तसबीर पुसून परत लावली. मुलीला हाक मारली, फोटो पुन्हा काढायला लावला आणि आडनावासकट नाव टाकायला सांगितलं. "नंतर कुणाला कळलं तर म्हणतील, फसवलं. त्यापेक्षा आधीच कळू दे." तिचा आवाज नेहमीसारखा होता.

संध्याकाळी काकूंनी गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर, आम्हालाही त्यात घेऊन, लिंक पाठवली. काही जणांनी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. दरवर्षी चार किलो नेणाऱ्या एका बाईंनी लिहिलं, "यंदा घरीच करायचं ठरवलंय. शुभेच्छा."

मुलीने ते मोठ्याने वाचलं. बायको म्हणाली, "करत असतील खरंच."

करतही असतील. बातमी पक्की करायला मी दोन ठिकाणी विचारत असे. इथे विचारायला जागाच नव्हती. आता प्रत्येक नकाराबरोबर हा संशय येणार आणि तो कधीच फिटणार नाही, हे मला त्या एका ओळीने कळलं.

अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, म्हणजे ऑर्डरी यायच्या आधीच किती भिजवायचे ते ठरवावं लागतं. मी म्हणालो, निम्मे भिजव. तिने गेल्या वर्षीइतकेच मोजले.

"उरले तर?"

"पीठ टिकतं."

रोज ती पाणी बदलत होती. आम्ही दोघं फोनकडे बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. तांदूळ उपसले त्या सकाळी तीन ऑर्डरी होत्या. दोन काकूंच्या घरच्यांच्या. तिसरं नाव अनोळखी होतं. मुलगी त्या माणसाचं आडनाव वाचायला लागली, तशी बायकोने तिला मध्येच थांबवलं.

"किती किलो, तेवढं सांग."